उसन्या पोटाचं कौतुक

नाक्यावरच्या लाँड्रीवाल्याला सगळे ‘कडक’ म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कॉलर कडक, इस्त्री कडक, आणि बोलणंही असं स्टार्च केलेलं की घरात कोणी ‘पोट बिघडलंय’ म्हटलं, तर हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा. दुकानात मात्र त्याच्याइतका सज्जन माणूस मिळणार नाही. लोक नको नको त्या चादरी घेऊन येत. डाग कसला, हे त्यानं जन्मात कोणाला विचारलं नाही. “जाईल,” एवढंच म्हणे.

“लोकांची लाज राखणं हा यांचा धंदा,” बायको सांगायची, “आणि स्वतःची राखणं हा रोग.”

त्या थंडीत छातीत उतरणाऱ्या विषाणूची साथ आली आणि तिनं घरातल्या दोन्ही भावांना गाठलं. धाकटा पोहायला शिकवायचा. छाती दाराच्या फळीसारखी, एका दमात पाण्याखालून तलाव पार करणारा. कडकला जिना चढताना मध्येच थांबून भिंतीचा रंग न्याहाळायची सवय. याला रंगकामातलं कळतं, असा शेजाऱ्यांचा समज. पण झालं उलटंच. कडकला दोन-चार शिंका आणि थोडी कणकण, आणि धाकटा थेट इस्पितळात, ऑक्सिजनवर.

तिथल्या डॉक्टरीणबाई नेमक्या याच कोड्यावर काम करत होत्या.

“काका, आपल्या पोटात कोट्यवधी जंतू राहतात. बहुतेक भाडेकरू सज्जन असतात,” त्या म्हणाल्या. “विषाणूशी किती भांडायचं आणि कधी थांबायचं, हे शरीराला शिकवण्यात त्यांचा हात असावा असं दिसतंय. जास्त आजारी पडणाऱ्यांच्या पोटात हे भाडेकरू बदललेले आढळतात. आता ते बदलले म्हणून आजार वाढला, की आजार वाढला म्हणून ते बदलले, हे काही अजून कळत नाही. म्हणून आम्ही भावांच्या जोड्या शोधतोय. एक घर, एक आजार, आणि एकाला जास्त, एकाला कमी. तुमचा नमुना मिळाला तर सोनं!”

“रक्ताचा ना?”

“नाही काका.” बाईंनी एक डबी पुढे केली. झाकणाला आतून चिमुकला चमचा होता.

कडकच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात मास्कच्या आतून धाकटा धापा टाकत म्हणाला, “दादा, दे ना रे. मी दिलाय.”

या अवस्थेतल्या भावाला नाही कसं म्हणणार?

डबी घरी आली आणि कडकचं पोट संपावर गेलं. बायको दाराबाहेरून विचारी, “अहो, झालं का?” मग उरलंसुरलं अवसानही गळायचं. तिकडून फोनवर फोन: आजार अंगात आहे तोवरच नमुना हवा, नंतर उपयोग नाही. अशात एका दुपारी मुलगी तान्ह्या लेकीला ‘पाच मिनिटं बघा हो बाबा’ म्हणून आजोबांच्या मांडीवर ठेवून गेली. त्या पोरीला ना लाज, ना संकोच. तिनं लंगोटात आपलं काम उरकलं आणि वर आजोबांकडे बघून हसलीसुद्धा.

कडकनं डबीकडे पाहिलं. चमचाभर तर हवं. आणि शेवटी रक्त तर आपलंच!

पुढे धाकटा घरी आला, निम्मा होऊन. आणि एके दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात हजर.

“काका, कमाल आहे तुमची! तुमच्या पोटातले जंतू दूधपित्या बाळासारखे निघाले. या वयात असं कधी बघितलं नाही मी. तुम्ही खाता तरी काय?”

चार गिऱ्हाइकांनी कान टवकारले. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कडकच्या तोंडून निघालं, “दूध. आणि… कुस्करलेलं केळं.”

हातातली इस्त्री एका वकिलाच्या शर्टावर तशीच राहिली.

झालं! जो तो त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवू लागला. “काय कडक,” लोक आता तोंडावर विचारत, “बाळसं कसं काय?” याला मात्र वाटे, धरणीनं पोटात घ्यावं. त्यातही वाईट म्हणजे धाकट्यानं मटण सोडलं, अंडी सोडली आणि केळं कुस्करायला घेतलं.

“अरे, डॉक्टरांनी तुला भरपूर जेवायला सांगितलंय.”

“डॉक्टरांचं राहू दे. तुझं पोट हाच पुरावा. आणखी काय काय खातोस चोरून, सांग की!”

कडकला जेवण जाईना. समोर बसून भाऊ वाळत चालला होता, तोही याच्यावरच्या विश्वासानं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना पुन्हा बोलावलं. इस्पितळाचा जिना चढताना धाकटा अर्ध्यावर थांबला आणि भिंतीचा रंग बघू लागला. “थांब दादा,” तो म्हणाला, “अजून केळं अंगी लागायचंय.”

वर खोलीत पाच-सहा डॉक्टर मंडळी कडकला बघायला उभी होती. कोणी खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही.

“बाई, डबीतली शी माझी नाही,” तो म्हणाला. “नातीची आहे. मला… होत नव्हती. आणि तो केळं खातोय, तेही माझ्या थापेमुळे.”

कोणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. बाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आता मी देतो,” कडक घाईनं म्हणाला. “कितीही देतो.”

“आता काय उपयोग, काका? आजार गेला, ते दिवस गेले. आणि आम्ही जोड्याच मोजतो. म्हणजे यांचाही नमुना बाद.”

कडकनं धाकट्याकडे पाहिलं. श्वास पुरत नसताना, नर्सच्या आधारानं उठून दिलेला नमुना. त्यालाच तर आपल्याला ‘नाही’ म्हणवलं नव्हतं.

खाली उपाहारगृहात कडकनं उकडलेली अंडी आणून भावापुढे ठेवली.

“रागाव तरी,” कडक म्हणाला.

“हसण्यासारखी गोष्ट आहे रे दादा, कळतंय मला,” धाकटा म्हणाला. “पण हसलो की छातीत दुखतं. बरा होऊ दे, मग हसेन.”

आणि कडककडे न बघता त्यानं अंडं सोलायला घेतलं.