चुंबकाला चिकटलेलं पातं

काटोलचा एक लग्नाचे फोटो काढणारा नंदनवन वस्तीतल्या आमच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात आला. "अर्धे फोटो काळेच येऊन राहिले, काहून?" त्यानं विचारलं.

मी कॅमेरा उघडून दाखवला. शटरची पाती स्प्रिंगच्या जोरानं पळायला टपलेली असतात, त्यांना विजेवर चालणारा बारीकसा चुंबक धरून ठेवतो. करंट तुटला की पकड सुटते आणि पातं धावतं. याच्या चुंबकावर तेलाचा थर चढला होता, त्यामुळं करंट तुटूनही पातं तिथंच चिकटून राहत होतं.

कॅमेरा ठेवून तो गेला. बाबा मागं स्टुलावर बसून ऐकत होते. शिकून झाल्यावर मला पुण्याला नोकरीला जायचं होतं, तेव्हा "दुकान कोण पाहणार?" म्हणून त्यांनीच मला अडवलं होतं. तो राग मी अजून रोज डब्यासोबत दुकानात आणतो. धड पाय पसरता येत नाहीत अशा या खोलीत मान मोडेस्तोवर लोकांचे कॅमेरे खोलतो आणि घरी जाऊन बायकोवर खेकसतो.

बाबा एकदम म्हणाले, "बंद करून टाक गा दुकान. मले काही नाही पाहिजे आता. तुले जिथं जायचं तिथं जा."

माझं डोकंच फिरलं. "आता सांगून राहिले मले?" मी ओरडलो. "लग्नाचा सीझन तोंडावर आहे. दुकान कोण पाहणार?"