भिंतीबाहेरचे खजूर

"पोरगी हुशार आहे, पण दिवसभरात चार शब्द बोलेल तर शपथ," सर गाडीला टेकून फोनवर बायकोला सांगत होते. मी सावलीत बसून कॉफी पीत होते. ऐकू न आल्यासारखं केलं. तसं ते खोटंही नव्हतं.

सर पुण्याचे, जमीन मोजणारे. मी त्यांची दुभाषी. ओमानमधल्या इब्री गावात वडिलांचं कापडाचं दुकान आहे. माझं अरबी तिथल्या गिऱ्हाइकांकडून आलेलं. दुसऱ्याची वाक्यं बोलायची असली की मला अजिबात भीती वाटत नाही.

दोन देशांचं सीमेवरून चाललेलं भांडण मिटलं, वाळूत खांब उभे राहिले, आणि ही चार घरांची वस्ती ओमानकडे आली. पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांकडे जमिनीचा कागद नव्हता. आता जिथे लागवड दिसेल तेवढीच जमीन त्यांच्या नावावर होणार होती, बाकीची सरकारची. "कसेल त्याची जमीन, आपल्यासारखंच," सर सकाळी म्हणाले होते.

शेवटचं घर एका आजींचं. "विचार, कुंपण कुठवर आहे?" सरांनी सांगितलं. मी विचारलं. आजींनी मातीची भिंत दाखवली. सरांनी चारी कोपरे मोजले आणि "खलास, सोपं काम," म्हणत मोजणीच्या यंत्राची तिपाई मिटली.

आजींनी माझा पेला पुन्हा भरला. पुरे असेल तर पेला हलवायचा असतो. मी हलवत नव्हते. वेलदोड्याचा वास होता, वारा होता, घाई कुणालाच नव्हती.

भिंतीपलीकडे, खांबांच्या दिशेने, खजुरांची एक ओळ होती. "ती रानटी," सर मघाशी म्हणाले होते. वसंतात इथली माणसं झाडावर चढून नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यात खोचतात आणि वरून चिंधीने बांधतात. रानातल्या झाडासाठी एवढी चढउतार कोण करणार? त्या ओळीतल्या प्रत्येक झाडावर चिंध्या बांधलेल्या होत्या. जांभळं, पिवळ्या बुट्ट्यांचं कापड. भिंतीच्या आतल्या झाडांवरही तेच. आजींच्या अंगावरही तेच.

आजींनी विचारलेल्याचं खरं उत्तर दिलं होतं. भिंत बकऱ्यांनी रोपं खाऊ नयेत म्हणून होती. विचारायचं ते आम्ही विचारलंच नव्हतं.

सरांनी गाडी सुरू केली. "चल गं, यल्ला. आज नकाशा पाठवून टाकू."

आजी दारात उभ्या होत्या, मला वाटेत खायला खजूर बांधून देत. मी पुडी घेतली, गाडीपाशी गेले. आत बसले नाही. माझे कान तापले होते.

"काय गं, काही राहिलं का?"

"हो सर. भिंतीबाहेरचे खजूरही आजींनीच राखलेत. गाडी बंद करा, आपल्याला ते मोजायचे आहेत."