लबाडांच्या खोलीतले पोपटराव

चित्रसंग्रहालयात तिकीट-खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळे पहारेकरी वहिनी म्हणत, कारण त्यांचे यजमान तिथेच वरच्या मजल्यावर लोकांना चित्रं समजावून सांगत. यजमानांना मात्र कुणी दादा किंवा साहेब म्हणत नसे. त्यांचं नाव पोपटराव पडलं होतं. बोलायला लागले की तोच पाठ, त्याच जागी तोच विराम, आणि त्याच जागी तीच कोटी. मागे उभे असलेले पहारेकरी ओठ हलवून त्यांच्याबरोबर तो पाठ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. “पोपट निदान विसरत तरी नाही,” असं म्हणून ते सोडून देत. फक्त मध्येच कुणी तोंड उघडलेलं त्यांना खपत नसे. एखाद्या पाहुण्याने घाईने प्रश्न विचारला, तर म्हणत, “ते पुढे येणार आहे. गाडी अजून स्टेशनात शिरायची आहे.”

त्यांची खरी जहागीर म्हणजे जिन्याच्या तोंडाशी असलेली मोठी खोली. कागदोपत्री तिला काही भारदस्त नाव होतं, पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तिला लबाडांची खोली म्हणत. तिथली नामांकित चित्रं पाहायला माणसं लांबून येत, आणि त्या प्रत्येक चित्रात कुणीतरी कुणाला तरी फसवत होतं. एका चित्रात आजारी म्हाताऱ्याला त्याचा पुतण्या चमच्याने औषध पाजतो आहे आणि त्याचा दुसरा हात उशीखालच्या किल्ल्यांवर आहे. दाराशी मोलकरीण उभी आहे, ती सरळ बघणाऱ्याकडे बघते आणि ओठांवर बोट ठेवते. “झालं,” पोपटराव म्हणत, “आता तुम्हीही चोरात सामील. गप्प बसलात ना?” दुसऱ्यात एक बाई सोंगट्या खेळणाऱ्या तरुणाची तोंड भरून स्तुती करते आहे, आणि तिच्या पंख्याच्या इशाऱ्यावर समोरचा त्याला लुटतो आहे. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं, दोन बहिणींचं. थोरली धाकटीचे केस विंचरता विंचरता तिच्या कानात काही सांगते आहे. धाकटी समोरच्या आरशात बघते. नीट पाहिलं तर खुर्चीतली मुलगी देखणी आहे आणि आरशातली कुरूप. “आरसा काही खोटं बोलत नाही,” इथे ते थांबत, “पण आरशात काय दिसायचं, ते कानात सांगणारा ठरवतो.”

वहिनींनी हा पाठ खिडकीत बसून, खाली उतरणाऱ्या लोकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला होता की वर जाऊन पाहायची त्यांना कधी गरज वाटली नाही. त्यांना स्वतःला चित्रांपेक्षा माणसांची रांग पाहायला आवडायची.

मग हळूहळू खाली येणाऱ्यांचं बोलणं बदललं. “काय शिकवतात हो तुमचे गाईड! स्वतः सांगतच नाहीत, आपल्याकडून बघून घेतात,” एक पाहुणे म्हणाले. पोपटराव म्हणे आता विचारत होते, धाकटीचा डावा हात कुठे आहे सांगा बरं? म्हाताऱ्याच्या तोंडावर काय दिसतंय? पडदा कुठल्या रंगाचा? लोक चढाओढीने उत्तरं देत आणि ते मान डोलावत. वहिनींना कौतुक वाटायच्या ऐवजी कोडंच पडलं. जो माणूस घरी घड्याळालाही मध्ये वाजू देत नाही, त्याला दुसऱ्याचं ऐकायची हौस कुठून आली?

त्याच सुमाराला घरीही एक नवल घडलं होतं. पोपटराव रोज सकाळी वर्तमानपत्र त्यांच्या हातात देऊन म्हणू लागले होते, “तूच वाच. तुझ्या आवाजात बातमीसुद्धा गोड लागते.” लग्नाला एवढी वर्षं झाली, लेक परगावी संसाराला लागली, आणि आवाजाचं कौतुक आत्ता! वहिनी मनातून सुखावल्या. काही महिने त्यांनी अग्रलेखसुद्धा अगदी लडिवाळपणे वाचला. मग एक दिवस पंख्याचा इशारा करणाऱ्या त्या बाईविषयी रांगेतलं कुणीतरी बोलत होतं, “स्तुती करून डोळ्यांत धूळ फेकली बघा,” आणि खिडकीत सुटे पैसे मोजताना वहिनींचा हात थांबला.

खात्री करायची त्यांची रीत त्यांची स्वतःची होती. दुसऱ्या दिवशी चहा पिताना, यजमान समोर बसले असताना, त्यांनी अख्खी जीभ बाहेर काढून त्यांना वेडावून दाखवलं. नातवंडं खेळवायच्या वयाची बाई! पोपटरावांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, “तुझं बरोबर आहे.”

वहिनी आत जाऊन पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग तिथेच उभ्या राहून रडल्या.

नजरेचा मधला भाग गेला होता. कडा शाबूत होत्या, म्हणून ते जिना उतरत, रस्ता ओलांडत, कशाला अडखळत नसत. जिथे बघावं तिथेच मात्र कुणी ओला अंगठा फिरवल्यासारखं पुसलेलं. हे पुढे त्यांनीच सांगितलं. तेव्हा वहिनींना एवढंच कळलं की आपल्या नवऱ्याला आपलं तोंड दिसत नाही, आणि ते आपल्यापासून लपवायला तो जिवाचं रान करतो आहे. का, हेही त्या जाणून होत्या. सासऱ्यांचे डोळे गेले तेव्हा घरच्यांनी त्यांना खिडकीशी खुर्ची दिली होती. माया भरपूर केली, पण त्या दिवसापासून त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी ते घरात नसल्यासारखं बोलू लागले. वहिनी नव्या नवरी असताना पोपटरावांनी हे एकदाच सांगितलं होतं, आणि पुन्हा कधी नाही.

म्हणून त्या गप्प राहिल्या. किल्ल्या, चष्मा, औषधं ठरल्या जागी ठेवू लागल्या. टपाल आलं की आपणहून मोठ्याने वाचत, “ऐका हो, काय लिहितात बघा,” म्हणून. बस आली की नंबर वाचून कुरकुरत, “आली एकदाची आपली.” दोघं एकमेकांना फसवत होते आणि संसार कधी नव्हे इतका सुरळीत चालला होता.

पोपटरावांचं निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. दरवर्षी मुदत वाढवून मिळे. यंदा नव्या संचालिका आल्या होत्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. मॅडम कडक नव्हत्या, पण त्यांना सगळं स्वतः पाहिल्याशिवाय पटत नसे. त्यांनी कळवलं की मंगळवारी समितीची माणसं घेऊन मी स्वतः तुमचा फेरा ऐकणार, मग मुदतीचं ठरवू. पोपटराव दोन रात्री नीट झोपले नाहीत. मंगळवारी सकाळी त्यांनी बुटांना इतकं पॉलिश केलं की वहिनी म्हणाल्या, “लोक चित्रं सोडून पायाकडे बघतील.”

कामगारांचे कोट टांगायच्या जागी सूचनांचा फळा होता. तिथे एक नवा कागद लावलेला होता. पोपटराव त्याच्यासमोर उभे राहिले, वाचायला लागावा तेवढा वेळ थांबले, “हं” म्हणाले आणि वर गेले. वहिनी तेव्हा खिडकीचं कुलूप काढत होत्या.

रांग लागल्यावर थोड्या वेळाने हेड पहारेकरी सुट्या नाण्यांसाठी खिडकीशी आला. तो जुना, पोपटरावांचा पाठ त्यांच्यापेक्षा चांगला म्हणणारा. सहज म्हणाला, “वहिनी, आज पोपटरावांची पंचाईत. दोन बहिणी गेल्या ना धुवायला. काल सुट्टीच्या दिवशी उतरवल्या. फळ्यावर लिहिलंय सगळं.”

“मग त्या जागी काय लावलंय?”

“तळघरातलं ते उघडं कपाट.”

ते कपाट वहिनींना ठाऊक होतं. तळघरातल्या सामानात त्यांनी ते एकदा खरं समजून बंद करायला हात पुढे केला होता. चित्रकाराने अर्धवट उघड्या कपाटाचं दार असं काढलं होतं, की कुणीही फसावं. आणि वर त्याच्यासमोर मॅडम, समितीची माणसं, आणि त्यांना बहिणींच्या कानगोष्टी सांगायला निघालेले त्यांचे यजमान.

इतक्या वर्षांत वहिनी रांग असताना खिडकीतून उठल्या नव्हत्या. त्यांनी ‘लवकरच येते’ ही पाटी पुढे लावली, हेड पहारेकऱ्याच्या हातात गल्ल्याची किल्ली दिली, आणि जिना चढू लागल्या. चढताना त्यांना दोन गोष्टी सुचल्या. मॅडमना बाजूला घेऊन सांगावं, तर नवऱ्याची खुर्ची आजच खिडकीशी लागते. गप्प बसावं, तर तो सगळ्यांसमोर हसं करून घेतो. तिसरी गोष्ट सुचेपर्यंत त्या दाराशी पोचल्या.

पोपटराव म्हाताऱ्याच्या चित्रापासून वळत होते. पावलं मोजल्यासारखी टाकत ते भिंतीच्या मध्यभागी आले, हात वर केला आणि म्हणाले, “आता ह्या चित्रात…”

“अहो, हे कपाट कुणी उघडं टाकलंय?” वहिनी मागून मोठ्याने म्हणाल्या. “कुणी बंद का करत नाही?”

समितीतले दोघे वळून बघायला लागले. मॅडमच्या भुवया वर गेल्या. पोपटरावांचा हात तसाच राहिला. बायकोचा आवाज ओळखायला नवऱ्याला डोळे लागत नाहीत. क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला, की वहिनींना वाटलं, आपण घात केला. मग हात हळूच खाली आला.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्हीच या पुढे. करा बंद.”

वहिनी पुढे गेल्या आणि चित्राच्या सपाट कापडाला हात लावायच्या आत थांबल्या. सगळे हसले. पोपटरावांनी मग पाठ नसलेलं बोलायला सुरुवात केली, तळघरातल्या त्या चित्राविषयी जे आठवेल ते. बाकीच्या चित्रांत माणूस माणसाला फसवतो, इथे चित्रकार बसून राहतो आणि आपला डोळाच आपल्याला फसवतो. फसल्यावर राग येत नाही, हसू येतं, ते का? विचारून ते थांबले. समितीतल्या एका गृहस्थांनी बरंच लांब उत्तर दिलं. पोपटरावांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

माणसं पुढच्या दालनात गेल्यावर दोघं बाकावर बसले. पहिल्यांदा ते बोलले.

“कधीपासून?”

“माझा आवाज गोड का झाला, ते कळलं तेव्हापासून.”

“म्हणजे मला वाटलं होतं त्याच्या आधीपासून.” मग म्हणाले, “आणि तू रोज लडिवाळपणे वाचत होतीस.”

“तुम्ही ऐकत होता ना लडिवाळपणे.”

“मी मॅडमना सांगतो.”

वहिनींनी त्यांची बाही धरली. मुदतीचा कागद हातात येईपर्यंत थांबा, एवढे महिने निभावलं तर दोन दिवस काय जड आहेत, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आज तू आलीस. पुढच्या खेपेला खिडकीत रांग असेल, तू नसशील. मग मी लोकांना उघड्या कपाटासमोर उभं करून बहिणींची गोष्ट सांगेन, आणि ते सभ्यपणाने ऐकून घेतील. ते हसले तर चालेल मला. सभ्यपणाने ऐकलं तर नाही चालणार.” वहिनींनी बाही सोडली.

मॅडमच्या खोलीतून ते बऱ्याच वेळाने बाहेर आले. मॅडम चिडल्या होत्या, आणि रास्त चिडल्या होत्या, हे पोपटरावांनी स्वतःच सांगितलं. वर्षभर लपवलंत, कुणी जिन्यावरून पडलं असतं तर? डॉक्टरांचं पत्र आणा, मुदतीचं समितीला विचारून ठरेल, पक्कं काही सांगत नाही. तोपर्यंत फेरा घ्यायचा असेल तर डोळस माणूस बरोबर पाहिजे. आणि शेवटी त्यांनी विचारलं होतं, ती कपाटवाली बाई कोण?

“मग काय सांगितलंत?”

“सांगितलं, आमचीच. तिकिटं विकते.” मग म्हणाले, “येशील का बरोबर? आठवड्यातून दोनदा. हेड बसेल खिडकीत.”

“मला चित्रातलं काय कळतं?”

“कळायचं माझ्याकडे आहे. मला दिसायचं हवंय.”

आपली खिडकी दुसऱ्याच्या हाती द्यायची, ह्यावर वहिनींनी बराच घोळ घातला. हेड सुटे पैसे नीट मोजत नाही, लोकांशी तुटक बोलतो, खिडकीची काच पुसत नाही, हे सगळं त्यांनी सांगून पाहिलं. मग सराव म्हणून दोघं रिकाम्या खोलीत गेले. पोपटराव पुतण्याच्या चित्रासमोर उभे राहिले, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, “सांग. अगदी जे दिसतं तेच. सजवू नकोस.”

वहिनींनी चष्मा सावरला, पायाच्या टाचा उंचावल्या आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

“चौकटीवर वरच्या अंगाला बोटभर धूळ आहे,” त्या म्हणाल्या. “कुणीही पुसलेली नाही. डाव्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं.”

पोपटराव इतके हसले की दाराशी उभा असलेला पहारेकरी डोकावून गेला.

“बरं,” ते म्हणाले, “आता चौकटीच्या आत ये.”