पेटीमागचा मामा

माझ्या मामाला आमच्या चर्चची अख्खी मंडळी पंपमामा म्हणायची. आठवडाभर तो सायकलींच्या ट्यूबमध्ये हवा भरायचा आणि रविवारी चर्चच्या जुन्या ऑर्गनमध्ये. ऑर्गन वाजवायची माझी आई. मामा मागे उभा राहून भात्याचा दांडा वरखाली करायचा. कौतुक सगळं आईचं, घाम सगळा मामाचा. "माझ्या हवेशिवाय तुमची बाई नुसती टायपिस्ट," असं तो उपासना घेणाऱ्या पाळकांनाही ऐकवायचा.

निवडणूक आली आणि आमच्या मंडळीला अचानक साक्षात्कार झाला, की प्रभूचंही मत ठरलेलं आहे. कुणाला, एवढंच काय ते ठरत नव्हतं. डावीकडचे बाक नव्या उमेदवाराचे झाले, उजवीकडचे जुन्याचे. पाळक मधल्या वाटेने चालताना दोन्हीकडे सारखंच हसायचे. बिचाऱ्यांचे गाल दुखत असतील.

मामाने दुकानाच्या शटरवर जुन्याचं पोस्टर डकवलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आईने गॅलरीतून नव्याचा झेंडा असा सोडला, की पोस्टर झाकलं जावं. मामाने तो खालून कापला. बहीणभावाचं बोलणं बंद. एरवी आई म्हणायची, "दादा, कर सुरू." आता ती पेटीच्या लाकडावर टकटक करायची, नोकराला बोलवावं तशी.

मग एका रविवारी मंडळीतला एक विमा एजंट ऐक्यासाठी प्रार्थना करायला उभा राहिला. हा डावीकडचा. "प्रभो, आम्हांला एक कर," तो डोळे मिटून म्हणाला, "आणि त्यांची अनामत जप्त कर." डाव्या बाकांनी दणदणीत आमेन म्हटलं. आईने गीत सुरू केलं आणि पहिल्याच कडव्यात मामाने दांडा सोडून दिला. ऑर्गन कण्हला, गप्प झाला. आईची बोटं मुक्या पट्ट्यांवर फिरत राहिली आणि देवाच्या घरात उजवे बाक खिदळले.

घरी आई ओट्याशी उभी राहून रडली. हे दोघं आता एकमेकांच्या मातीलाही जाणार नाहीत, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी दांडा विमा एजंटाच्या हाती. गडी प्रचाराच्या जोशात हाणत होता. ऑर्गन मध्येच किंचाळायचा, मध्येच धापा टाकायचा. आईचे कान लाल झाले. मामा उजवीकडे शेवटच्या बाकावर होता. तो उठला, तशी शेजारच्याने त्याची बाही ओढली.

"बसा हो मामा. मजा बघा."

"मजा कसली, गाढवा? बहीण आहे ती माझी!"

मामाने जाऊन एजंटाला बाजूला ढकललं आणि दांडा धरला. ऑर्गनला सूर सापडला. पण आता गाणारं कुणीच नव्हतं. डावे अपमानाने गप्प, उजवे मामाच्या गद्दारीने. "आपण सारे एक शरीर" असं ठळक अक्षरांत लिहिलेल्या भिंतीखाली शंभरेक तोंडं घट्ट मिटलेली.

मग पेटीमागून मामाच गायला लागला. धापा टाकत, भयंकर बेसूर. आईने मान न वळवता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दादा, तू हवेचं बघ. गायला मी आहे."

आणि ती एकटी गायली. मामा बाहीला डोळे पुसत होता, पण दांडा त्याने शेवटच्या कडव्यापर्यंत सोडला नाही.