हेलाच्या खिशातली भाकरी

दोन आठवड्यांपूर्वीची सकाळ. खाली स्कूल बस हॉर्न वाजवतेय, माझी लेक सई एकाच पायात बूट घालून लिफ्टकडे पळतेय आणि तिच्या मागे सासूबाई, टिश्यूत गुंडाळलेला खुबूसचा, म्हणजे अरबी रोटीचा, तुकडा घेऊन... मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या मजल्यावरचा हा रोजचा कार्यक्रम.

आई आता नव्वदीला टेकल्यात. माहेर कोल्हापूरजवळचं वळिवडे, आणि हिवाळ्यात मुक्काम आमच्याकडे मस्कतला. घरातून कुणीही बाहेर पडलं की त्याच्या खिशात भाकरीचा तुकडा गेलाच पाहिजे. भाकरी नसली तर इथला खुबूस, पण सुटका नाही. मी हनीमूनला निघाले तेव्हा माझ्या नव्याकोऱ्या पर्समध्येसुद्धा घातला होता! मी पडले पुण्याची... असेल काहीतरी दृष्टबिष्टीचा प्रकार, म्हणून सोडून दिलं होतं.

त्या संध्याकाळी सई नववीच्या पुस्तकातला हिटलरचा धडा आजीला सांगत होती. तिचं मराठी म्हणजे आनंदच. ऐकता ऐकता आई सहज म्हणाल्या, "हेलाची आजी, मामा, मावश्या... समदी त्यातच गेली की गं."

आता ही हेला कोण?

मग कळलं. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलंडहून आलेल्या निर्वासितांचा मोठा कँप होता. हेला तिथली, आईंच्याच वयाची, ज्यू. तिला आणि तिच्या आईला रशियनांनी आधीच सैबेरियात नेलं होतं, म्हणून उपाशीतापाशी का होईना, त्या दोघी वाचल्या. मागे राहिलेलं सगळं गणगोत हिटलरच्या माणसांनी मारून टाकलं. आईंची आई कँपात भाजी विकायला जायची, आणि तिचं बोट धरून हेला यांच्या घरी खेळायला यायची.

सईने लगेच फोन काढून आजीला बोलतं केलं. सागरगोटे, चोरून खाल्लेला ऊस, हेलाची कोल्हापुरी भाषेतली भांडणं... आई अगदी परकरातली पोरगी झाल्या होत्या. सईने सबटायटल घालून व्हिडिओ इन्स्टावर टाकला. त्या कँपातल्या लोकांच्या मुला-नातवंडांचा फेसबुकवर एक ग्रुप आहे, तिथे मी टाकला. आईंना फक्त एवढंच हवं होतं... हेला कुठे असेल?

आठवड्याने इंग्लंडहून उत्तर आलं. हेलाच्या नातीचं. हेला काही वर्षांपूर्वीच गेल्या होत्या, आणि आपल्या लहानपणाबद्दल त्यांनी घरात कधी अवाक्षरही काढलं नव्हतं. नातीचा एकच प्रश्न होता. आजी घरातून निघणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात ब्रेडचा तुकडा घालायची, म्हणायची ही इंडियातली पद्धत आहे. खरंच अशी पद्धत आहे का?

आईंना वाचून दाखवलं तर त्या आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. "कसली पद्धत नि काय..." एवढंच म्हणाल्या. सईने खूप लाडीगोडी लावली, पण नाही. "आईनं शपथ घातलीया. कुणाफुडं बोलायचं न्हाई."

त्या दिवशी त्या जेवल्याही नाहीत धड. हेलाच्या पाठीमागे तिचं काही उघडं करायचं का, हा त्यांचा घोर होता.

शुक्रवारी सकाळी स्वतःच सईला म्हणाल्या, "लाव तुजा फोन. आता आई न्हाई, हेला न्हाई. मी बी गेले म्हंजी त्या पोरीला सांगणार कोन?"

हेला आईंच्या घरच्या बुट्टीतल्या, म्हणजे टोपलीतल्या, भाकरी चोरायची. खायला नाही, झग्याच्या खिशात लपवून ठेवायला. उद्या मिळेल, न मिळेल... एकदा सगळ्यांदेखत तिच्या खिशातून तुकडा खाली पडला आणि ती भीतीने पांढरीफटक झाली. आईंच्या आईने तो उचलला आणि परत तिच्या खिशात ठेवला. मग आणखी एक तुकडा मोडून स्वतःच्या लेकीच्या ओच्यात खोचला. म्हणाली, "आमच्यात भाईर जाताना देत्यातच."

त्या दिवसापासून रोज. दोघींना.

म्हणजे पद्धत वगैरे कधी नव्हतीच! एका परक्या पोरीची लाज राखायला एका बाईने उभ्या उभ्या मारलेली थाप ती. आणि दोन्ही घरांनी ती इमानेइतबारे पाळली...

व्हिडिओ पाठवताना मला धाकधूक होती. आपली आजी चोरायची, हे नातीला कसं वाटेल कोण जाणे.

काल तिचं उत्तर आलं. "आजीचं काय काय हिरावून घेतलं, ते आम्हाला इतरांकडून थोडंफार माहीत होतं. पण तिला कुणी इतकं जपलं होतं, हे आज कळलं. हेलाच्या नावाने आम्ही दरवर्षी दिवा लावतो, आता त्यांच्याही नावाने लावू. त्यांचं नाव काय होतं?"

आईंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. सईने नाव टाइप केलं... गोदाबाई.

माझ्या या आजेसासूबाईंना मी कधी पाहिलं नाही. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नाही. काल पहिल्यांदा त्यांचं नाव घेऊन मी हात जोडले.