दोरीवरचे बोंबील

सेक्रेटरीने वर्तमानपत्राची पुडी टेबलावर टाकली आणि विचारलं, "हे कुणाचं?"

सोसायटीची सभा. खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. पुडीत माझे बोंबील, अर्धवट सुकलेले. मी ड्युटीवर असताना वॉचमनने माझ्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून काठी घालून दोरीसकट ओढून काढले होते. कुणाचे ते सगळ्यांना माहीत होतं. तरी मला उभं केलं.

सेक्रेटरी म्हणाला, "मच्छीवर घारी येतात. बाजूलाच विमानतळ. एखादी विमानात घुसली तर? तुमच्या बोंबलापायी दोनशे माणसं मरतील."

लोक हसले. मग म्हणाला, स्वतःच्या हाताने उचला आणि गेटबाहेर कचऱ्यात टाकून या. मी उचलले. वॉचमन माझ्यामागून रूम फ्रेशनर मारत आला, थेट गेटपर्यंत. एका लहान मुलीने नाक दाबलं. तिच्या आईला त्याचं कौतुक वाटलं.

मी टाकले.

आणि माझं काम काय? विमानतळावर पक्षी हाकलायचं. वीस वर्षं धावपट्टीच्या कडेला गवतात एकटा उभा राहून फटाके वाजवतोय. कुठला पक्षी कशासाठी येतो हे त्या सभेत माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तरी तोंड उघडलं नाही. साहेब बोलला की खाली बघायचं, हे बाप गिरणीत शिकला आणि मला शिकवून गेला. बोंबील टाकल्याची लाज एक दिवस वाटली. गप्प बसल्याची अजून वाटते.

इथे आधी आमची चाळ होती, ती पाडून बिल्डरने ही इमारत बांधली. विमानांमुळे अंधेरीच्या या भागात इमारतीला फार उंची मिळत नाही, म्हणून मिळतील तेवढ्या मजल्यांत सगळं कोंबलं. खालचे दोन मजले आम्हा चाळकऱ्यांना, वरचे विकलेले. चाळीत आई बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकायची आणि अख्खी चाळ खायची. आई गेली. माझं लग्न झालं नाही. रविवारी वर्सोव्याहून बोंबील आणून तिच्यासारखे टांगायचे, एवढंच घरात घरासारखं उरलं होतं.

महिन्याने कागद फिरला. इमारतीत मासे सुकवायचे नाहीत, शिजवायचेही नाहीत. कारण तेच, विमानांची सुरक्षा. माझी सोडून सगळ्यांची सही. बाळादादाचीसुद्धा. चाळीत आमची भिंत एक होती, आईच्या हातचं खाऊन वाढलेला माणूस. माझ्याकडे कागद घेऊन तोच आला होता.

"सही कर रे. कित्याक उगाच वैर घेतंस?"

त्याची सही बघून मला रडू आलं. मग राग आला, आणि तो राग काही केल्या जाईना.

पुढच्या सभेला मी तो कागद घेऊन गेलो. कुणी उभं करायच्या आधीच बोललो.

"रोज सकाळी गेटवर कबुतरांना दाणे कोण टाकतं? विमानावर आपटून मेलेली कबुतरं मी उचलतो. आधी दाणे बंद करा, मग सुरक्षेचं बोला."

सेक्रेटरी म्हणाला, ते पुण्याचं काम आहे.

"आणि हे माझं जेवण आहे. मी सही करणार नाही. माझा विरोध वहीत लिहा. नाव घालून."

तशी पद्धत नाही म्हणाला. मी वही ओढली आणि स्वतः लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चाळीतलं एकही माणूस माझ्या बाजूने उठलं नाही. आता लिफ्टमध्ये मी शिरलो की बोलणं थांबतं. बाळादादा मला बघून जिन्याने जातो. आठवडा आठवडा घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नसतो. एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू.

काल सोसायटीची नोटीस आलीय, कारवाई का करू नये म्हणून. उत्तर द्यायला सात दिवस. मला सात दिवस नकोत. बोंबलाचं कालवण गॅसवर आहे, दार सताड उघडं आहे. ज्याला बोलायचंय त्याने दारात येऊन, माझ्या तोंडावर बोलावं.