निथळायचा राहिलेला बोळा

मलकपेठच्या त्रिवेणीला ऑपरेशन थिएटरात बावीस वर्षं झाली होती. हाडांच्या शस्त्रक्रियेला नर्स म्हणून तीच हवी, असा डॉक्टरांचा आग्रह असे. नव्या मुलींना ती बजावायची, "हातून काही चुकलं तर तिथल्या तिथं सांगायचं. लाजायचं नाही."

मार्चमध्ये पद्मावती दाखल झाली. बेगम बाजारात मसाल्याच्या दुकानी मिरच्या निवडणारी, चाळिशीची बाई. गुडघ्याखालच्या हाडात गाठ होती. कर्करोगाची नव्हे, पण हाड पोखरणारी. डॉक्टर योगिनींनी ती खरवडून काढली. मागे राहिलेल्या पेशी मराव्यात म्हणून पोकळीला आतून फेनॉल लावायचं होतं, मग ते स्पिरिटनं आणि शेवटी सलाइननं धुवायचं होतं. फेनॉल बाहेर लागलं तर चांगली कातडीही जाळतं, म्हणून जखमेभोवती ओल्या पट्ट्या दाबून बसवल्या होत्या.

त्रिवेणीनं कापसाचा बोळा फेनॉलमध्ये बुडवला, पण वाटीच्या कडेला दाबून निथळवला नाही. पुढं करताना दोन-तीन थेंब पट्टीपलीकडं, पोटरीच्या उघड्या कातडीवर पडले. बाकी सगळ्यांच्या नजरा हाडाकडं होत्या. तिनं कोरड्या कापडानं थेंब टिपले. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मागं दोन नव्या नर्स उभ्या होत्या, तिचं काम बघून शिकायला. तिनं शब्द गिळला. टिपलंय की, काही होत नाही, असं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी पोटरीवर रुपयाएवढा पांढरा डाग होता. तिसऱ्या दिवशी तो तपकिरी होऊन सोलवटला. डॉक्टरांना वाटलं, रक्त थांबवायच्या विजेच्या मशीननं चटका बसला. ते मशीन हेमंत सांभाळायचा. त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. पुढच्या चार दिवसांत त्यानं मशीन तीनदा तपासलं आणि शेवटी त्रिवेणीलाच विचारलं, "अक्का, तुम्ही तिथंच होता. माझं काही चुकलं का हो?"

"मला काही दिसलं नाही," ती म्हणाली. बोलताना तिला त्याच्याकडं बघवलं नाही.

त्या दुपारी ती पद्मावतीची पट्टी बदलायला गेली. जखम उघडी पडताच पद्मावतीनं दात आवळले, मग ओशाळून म्हणाली, "माझीच चमडी नाजूक असंल, सिस्टर. माझ्यापायी तुम्हा सगळ्यांना परेशानी."

त्रिवेणीचे हात थांबले. ज्या बाईला आपण भाजलं, तीच आपल्यापुढं ओशाळत होती.

"तुमची काही चूक नाही," ती खाली मान घालून म्हणाली. "औषध माझ्या हातून सांडलं. मी बघितलं होतं. बोलले नाही."

पद्मावतीनं तिचा हात बाजूला सारला. मग म्हणाली, "आता पट्टी दुसऱ्या कुणाकडून करून घेते."

त्रिवेणी तशीच डॉक्टर योगिनींकडं गेली आणि सगळं सांगितलं. डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "थेंब कुणाच्याही हातून पडतो, सिस्टर. तेव्हाच सांगितलं असतंत, तर स्पिरिटनं पुसून भरपूर धुतलं असतं. इतकं भाजलं नसतं. आणि हेमंतला चार दिवस मी गुन्हेगार ठरवलं, ते वेगळंच."

त्रिवेणीनं लेखी कबुली दिली. हेमंतकडं मागितलेला खुलासा रद्द झाला. तीन महिने तिला थिएटरात उभं राहू दिलं नाही. पद्मावतीची जखम दीड महिन्यानं भरली, डाग मात्र राहिला. थिएटरात नवा नियम आला: फेनॉलच्या वाटीवर औषधाचं नाव लिहायचं, बोळा निथळून द्यायचा, देताना मोठ्यानं "फेनॉल" म्हणायचं, आणि स्पिरिट आधीच हाताशी ठेवायचं. तो नियम नव्या मुलींना समजावून सांगायचं काम डॉक्टरांनी त्रिवेणीकडंच दिलं. हा नियम का आला, हे पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, तेव्हा त्रिवेणीनं स्वतःचं नाव न लपवता सांगितलं. सांगताना कान तापले होते.

हेमंत अजून तिला अक्काच म्हणतो. फक्त दुपारी डबा उघडताना तो आता दुसऱ्या टेबलावर बसतो, आणि तीही त्याला बोलवत नाही.